राजेशमचं फूल, माझी भोकं

भाकरी खाऊन मी कॉटवर पडलोय. शेजारी नात स्नेहलता आमच्या जुन्या सोलापुरी चादरीची नक्षी नव्या मागासाठी कॉम्प्युटरवर उतरवतेय.

"आजोबा, कॉम्प्युटरच्या काही भाषांत कसं करायचं ते पायरीपायरीने सांगावं लागतं. हिच्यात नुसतं काय हवं ते लिहायचं. फूल हवं, बस्स. बरं, नक्षीखाली नाव कुणाचं टाकू?"

'माझं' म्हणायला तोंड उघडतो आणि डोळे मिटतात.

माग खडखडतोय. समोर राजेशम. तो नक्षी काढायचा, मी तिच्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायचो. भोक असेल तिथला धागा माग उचलायचा. त्याला मरून इतकी वर्षं झाली, तरी गालात तंबाखू आहेच.

"अंगठेबहाद्दर, नाव माझं लागणार."

"सही करतो मी आता. म्हातारपणी शिकलो."

"फूल सुचलं कुणाला?"

"तुला. पण मागाला कळलं माझ्यामुळे. धागा न् धागा मी सांगितला."

माग नाही, न्हाव्याची खुर्ची आहे. मी बसलोय, गळ्याभोवती तीच चादर. वस्तरा राजेशमच्या हातात.

"तुझ्या पाकळ्यांचे धागे लांब सुटायचे," मी म्हणतो. "झोपणाऱ्याच्या नखात अडकायचे. मधे भोकं पाडून ते बांधायचे टाके कुणी घातले?"

"त्यांचे ठिपके चौकटीच्या कागदावर मीच मारून दिले होते."

"मग ते चित्र कसलं? धाग्याधाग्याला दिलेला हुकूमच की."

"आणि तू? पुठ्ठे दोरीत ओवून झाले की दारात उजेडाला धरायचास. काय बघायचास?"

मी चादर गळ्याशी घट्ट धरतो. भोकांतून वेडंवाकडं का होईना, फूलच दिसायचं.

"बोल की, मुडद्या!"

"मुडदा तू!"

तो हसत नाही. माझा अंगठा ओढून पुठ्ठ्यावर दाबतो, वर भोकं पाडायची सळई टेकवतो.

"माझं कुठं संपतं, तुझं कुठं सुरू होतं? रेघ दाखव."

मी शोधतो. रेघ सापडत नाही. तो हातोडी मारतो.

"आजोबा, नाव?"

मी उठून कीबोर्ड ओढतो. एकेक अक्षर हुडकत आधी माझं नाव लिहितो. माझंच आधी. मग दात आवळून त्याचं लिहायला घेतो. मधे जागा सोडायला लांब बटण दाबतो, तर अंगठ्यात कळ जाते. पेरावर गोल, लालभडक वळ उठलाय, पुठ्ठ्याच्या भोकाएवढा.