गसचं मराठी

दहा-बारा वर्षांनी परत घरी बीअर करायला निघालेलं गिऱ्हाईक गुरुदत्तला दारातूनच ओळखू यायचं. हातात इंटरनेटवरून छापून आणलेली यादी, आणि चेहरा असा की आपण सोडलं म्हणून जगात बीअर आंबायचीच थांबली होती. असल्या लोकांचा त्याला मनस्वी तिटकारा होता.

अमेरिकेत, कोलंबसला लागून असलेल्या डब्लिनजवळ, घरी बीअर करायचं सामान विकणाऱ्या दुकानात तो २००२ पासून होता. त्याआधी अठरा वर्षं एका इन्शुरन्स कंपनीत प्रोग्रॅमर. कंपनीनं एका शुक्रवारी हातात रिकामं खोकं देऊन घरी पाठवलं, आणि बेसमेंटमध्ये हौसेनं केलेली बीअर तेवढी कामाला आली. दुकानाच्या मालकाला 'गुरुदत्त' म्हणता येईना, म्हणून छातीवर 'गस' अशी पट्टी लागली. बायकोनं, नेत्रानं, एकच अट घातली होती: महाराष्ट्र मंडळात कुणाला कळता कामा नये. तिथं ती 'हे कन्सल्टिंग करतात' सांगायची आणि गुरुदत्त तिकडं फिरकायचाच नाही. दीड वर्ष निभावलं होतं.

त्या शनिवारी यादी घेऊन आलेला गडी आपल्यातलाच दिसत होता. पोटावर ताणलेला गोल्फचा टी-शर्ट, कमरेला फोनचं पाकीट. आल्या आल्या त्यानं काचेच्या पाच गॅलनी बुधल्यावर टिचकी मारली, माठ घ्यायला आल्यासारखी. मग तोटीचं भलंमोठं स्टीलचं पातेलं घेतलं. तीन थर्मामीटर उलटेपालटे करून त्यातला सगळ्यात चकचकीत उचलला. कॉलेजात प्लॅस्टिकच्या बादलीत करायचो, आता नीट करायचंय, असं इंग्रजीतून ऐकवलं. म्हणजे अक्कल तीच, भांडी नवी, गुरुदत्त मनात म्हणाला.

"गार कशानं करणार?" गुरुदत्तनं इंग्रजीतच विचारलं आणि तांब्याची वेटोळी नळी पुढं केली. "उकळलेलं माल्टचं पाणी तसंच काचेत ओतलं तर काच तडकते. नळी नको असेल तर पातेलं बर्फात ठेवा."

"आय नो, आय नो," म्हणत गड्यानं फोन काढला, बायकोला लावला आणि बिनधास्त मराठी सुरू केलं.

"सुलेखा, झालंच माझं. इथला मेक्सिकन काय काय गळ्यात मारायला बघतोय. काच फुटेल म्हणे. अगं, आई लोणच्याच्या बरणीत गरम फोडणी ओतायचीच की."

हा जन्मात स्वयंपाकघरात फिरकलेला दिसत नव्हता. पण सुलेखा म्हणजे मंडळाची सेक्रेटरी, आणि हा तिचा नवरा राजीव, एवढं गुरुदत्तच्या लक्षात आलं. सुलेखाच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कोलंबसभर होते, असं नेत्राच सांगायची. मेक्सिकन तर मेक्सिकन. भाजू देत पाय, शहाणपण तरी येईल. तो मुकाट्यानं बुधला कागदात गुंडाळू लागला.

"हो, आजच करतो," राजीव फोनवर सांगत होता. "केया आहे ना, ती खाली फनेल धरेल. नऊ वर्षांची झाली, एवढं जमेल तिला."

गुरुदत्तचे हात थांबले. मूर्ख माणूस.

"अहो," तो मराठीत म्हणाला, "तुमची आई फोडणी गार करून बरणीत ओतायची. विचारा तिला. उकळतं काचेत ओतू नका, आणि पोरीला लांब ठेवा."

राजीवनं फोन कानापासून दूर केला. आतून सुलेखा विचारत होती, कोण बोलतंय रे. तो पट्टीवरचं नाव बघत राहिला, मग पहिल्यांदाच त्यानं चेहऱ्याकडं पाहिलं.

"तुम्ही मराठी?"

"गुरुदत्त. नेत्राचा नवरा."

"पण नेत्रा तर म्हणते, तुमचं कन्सल्टिंग..."

गुरुदत्तनं बुधला शेल्फावर परत ठेवला आणि एक पांढरी प्लॅस्टिकची बादली आणून काउंटरवर आपटली. "ही घ्या. कॉलेजात होती तीच. गार झाल्यावर ओता."

राजीवनं आवाज एकदम खाली आणला. "इथं काय, पार्ट-टाइम का?"

फोन अजून चालूच होता.

"फुल-टाइम," गुरुदत्त म्हणाला, सुलेखाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात.