शार्कने धरलेला डूख

आमच्या राहात्याकडच्या माणसाला समुद्राचं काय सोयरसुतक? इकडे पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर पाटाचं, तेही पाळी आली तर. तरीही श्रीरामपूरच्या थेटरात शार्क माशाचा इंग्रजी सिनेमा लागला तेव्हा माणसं एसटीच्या दाराला लोंबकळत गेली. आम्हीही गेलो. मामाने पोस्टरवर निळं पाणी पाहिलं आणि तेवढ्यावर तिकिटं काढली. आपल्या आक्काला, म्हणजे माझ्या आईला, एकदा समुद्र दाखवावा हा त्याचा हेतू होता.

हेतूला कारण होतं. मला शिकून जहाजावर नोकरी करायची होती आणि आई काही केल्या हो म्हणत नव्हती. मी पाटीवर अक्षरं गिरवत होतो त्या वर्षी माझे वडील शेताला पाणी द्यायला गेले, पाय घसरून पाटात पडले आणि बुडाले. तेव्हापासून तिने मला एकट्याला पाण्याच्या जवळ फिरकू दिलं नव्हतं. दुसरी पोरं विहिरीत उड्या मारायची आणि मी लांब बांधावर बसून नुसते आवाज ऐकायचो.

मामाचा डाव पार फसला. समुद्र दिसला, पण त्यात माणसं खाणारा मासा निघाला. खालच्या बाकांवरच्या लोकांनी भराभर पाय वर घेतले. बाकाखाली शेंगांच्या टरफलांशिवाय काही नव्हतं, तरी कुणी पाय खाली सोडायला तयार होईना. आईने माझं मनगट धरलं ते सिनेमा संपेपर्यंत सोडलं नाही. शेवटी मासा मेला आणि शिट्ट्यांनी थेटराचे पत्रे हादरले. बाहेर आल्यावर तिने मामाला विचारलं, खरंच मेला का? मामा म्हणाला, चिंधड्या झाल्या त्याच्या. त्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, मग आता जा कुठं जायचं ते. मला हसू येत होतं, पण मी ते दाबलं. परवानगी कशी का मिळेना, मिळाली ना!

मी फिटरचा कोर्स केला. मुंबईच्या एका जहाज कंपनीत इंजिनाच्या कामावर माझी निवडही झाली. सत्तरचं दशक तेव्हा संपत आलं होतं. आणि नेमकी त्याच सुमारास राहात्याच्या बाजारात कर्णा लावलेली एक जीप फिरायला लागली. श्रीरामपूरला माशाचा दुसरा भाग लागलाय, मासा परत आलाय, असं ती ओरडून सांगत होती. आई त्या दिवशी बाजारातच होती. घरी येऊन तिने पिशवी खाली ठेवली आणि सांगितलं, की तो सिनेमा बघितल्याशिवाय ती मला सोडायची नाही. मामाने परोपरीने समजावलं, पण तिचं एकच म्हणणं, मेलेला परत येतोच कसा?

हे म्हणणं तिचं एकटीचं नव्हतं. थेटरात लोक आधीच पाय वर घेऊन फणफणत बसले होते. मासा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मेलेला, मग हा कोण? जुनाच सिनेमा नवं नाव देऊन लावलाय, अशी कुरकुर सुरू झाली. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं. त्यामुळे पडदा काय सांगतो यापेक्षा शेजारचा काय सांगतो यालाच जास्त किंमत होती. मध्यंतरात शेंगा फोडता फोडता एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याने निकाल दिला.

"ही त्याची मादी हाय. डूख धरलाय तिनं."

निकाल सगळ्यांना पटला. आमच्याकडे साप मारला तर त्याचा जोडीदार मारणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग माशालाच तेवढी अक्कल नसेल असं कोण म्हणणार? मध्यंतरानंतर थेटराचा नूरच पालटला. पाय निवांत खाली आले. सगळे तिच्या बाजूचे झाले. पहिल्या माशाला मारणारा फौजदार पडद्यावर आला की लोक तिला ओरडून सांगायचे, हाच तो. ती भलत्याच पोराच्या मागे लागली की चिडायचे, याचा काय संबंध, फौजदाराला धर की! मामाचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता. मीही हसत होतो, पण अर्धं लक्ष आईकडे होतं. या वेळी तिने माझा हात धरला नव्हता. ती एकटक पडद्याकडे पाहत होती आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटत होती.

मादी मेली तेव्हा एकही शिट्टी वाजली नाही. मागच्या बाकावरची एक बाई 'बिचारी' म्हणाली आणि लोक गुपचूप उठले.

स्टँडवर गाडीची वाट पाहत उभे होतो. मासा रबराचा होता, त्याला शिवण दिसत होती, असं मामा आईला पटवून देत होता. आईने त्याला हाताने थांबवलं.

"धनी गेला म्हनून तिनं समद्यांवरच डूख धरला," ती म्हणाली. "लोकांची पोरं खाल्ली. तिला काय मिळालं?"

मामा परत रबराच्या माशावर येऊ पाहत होता, पण ती थांबली नाही.

"मी बी पाटावर धरला. लई वरसं. पाट वलांडताना त्येच्यात थुकत हुते मी. पान्याला काय त्येचं? वाटोळं तर ह्या पोराचं व्हत हुतं."

हे मला ठाऊक नव्हतं. पाट ओलांडताना मी किती वेळा तिच्याबरोबर होतो, पण ते कधी दिसलं नव्हतं. तुला नको असेल तर मी नाही जात, असं मी म्हटलं, आणि त्या घडीला ते अगदी खरं होतं.

तिने पदराने तोंड पुसलं.

"जायचं की. पन आदी पवायला शीक. उद्यापासून मामासंगं हिरीवर जा. मी बसन काठाला."