पुराणिकबुवांच्या स्वाधीन केलेलं कासव

महाराजांच्या राज्यात मुलींच्या शाळा वाढत होत्या आणि शिकवायला बायका मिळत नव्हत्या, म्हणून माझ्यासारख्या विधवेला कोल्हापुरात मास्तरीण होता आलं. महाद्वारामागच्या एका बोळात दोन खोल्या घेऊन मी एकटी राहत असे. एकटी म्हणजे मी आणि एक कासव.

ते मला शाळेतल्या एका मुलीच्या वडलांनी आणून दिलं होतं. ते गाडीवान होते. पूर्वेकडच्या कोरड्या माळावर गाडीच्या चाकाखाली येता येता ते वाचलं, आणि हे बाईंनाच द्यायचं असा पोरीनं हट्ट धरला. काळी पाठ, तिच्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. ते जमिनीवरचं कासव होतं. त्याला पोहता येत नसे. सकाळी परसात ऊन खायचं, घोळीची भाजी आणि जास्वंदीची फुलं खायची, आणि दुपारी चुलीमागे जाऊन झोपायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. माझ्या ओळखीच्या बहुतेक माणसांच्यापेक्षा तो बरा होता.

एका वर्षी मला मास्तरणीच्या परीक्षेसाठी महिनाभर पुण्याला जावं लागलं. कासव कुठं ठेवायचं हा प्रश्न आला. वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, "घरात कासव असलं की पैसा सावकाश येतो." तिच्या घरात कासव नसतानाही तो कधी धावत आल्याचं मला आठवत नाही. तिला मी पुन्हा विचारलं नाही.

आमच्या बोळात सडा मारायला एक भिस्ती येत असे. रेड्याच्या पाठीवर चामड्याची पखाल घालून रंकाळ्याचं पाणी आणायचा. माझ्या परसाच्या दाराशी आला की घटकाभर थांबून कासवाकडं बघायचा. मी गावाला जाणार हे ऐकून तो म्हणाला, "बाई, आमच्या घरला ठेवा की. शेरडं हायती, त्यांच्यासंगं ऱ्हाईल."

मी म्हटलं, "बघते." आणि बघितलं नाही. मुसलमानाचं घर, त्यात चामड्याचं काम. पाच पुस्तकं वाचलेली, मुलींना भूगोल शिकवणारी मी. माझी धाव तेवढीच होती.

तेवढ्यात शेजारचे पुराणिकबुवा आपणहून आले. विठोबाच्या देवळात ते रोज दुपारी पुराण सांगत. गोरेपान, पोट सुटलेलं, आवाज असा की दहा घरांपलीकडची म्हातारी पदर सावरून बसावी. "बाई," ते म्हणाले, "साक्षात कूर्मावतार! तो काय वहिनी-बिहिनीकडं ठेवायचा? माझ्या घरी देव्हाऱ्यापाशी राहील. निश्चिंत जा."

मला त्यांचा मनातून तिटकारा होता. पण ब्राह्मणाचं घर, शेजार, बायको शांत स्वभावाची. मी कागदावर सगळं लिहून दिलं: पाण्यात ठेवू नये, दूध-साखर देऊ नये, पाला हिरवा द्यावा, सकाळी उन्हात सोडावं. बुवांनी कागद कपाळाला लावला आणि न वाचता पोथीत घातला.

महिन्यानं परत आले ती गाडीतून उतरून थेट त्यांच्या दारात. बुवा झोपाळ्यावर पान जुळवत होते. मला बघून उठले आणि दोन्ही हात जोडले.

"बाई, भाग्यवान आहात. तो गेला."

"कुठं गेला?"

"स्वस्थानी. मला दृष्टांत झाला. म्हणाला, मला जळात सोड. एकादशीला टाळ-मृदंगाच्या गजरात रंकाळ्यावर नेला. शंभर माणूस होतं. पायरीवरून पाण्यात ठेवला, आणि बघता बघता गुप्त झाला! एक बुडबुडा आला तेवढाच."

मी विचारलं, "मी लिहून दिलेला कागद वाचला होतात?"

"देवाला कसला कागद, बाई?"

मी वळून त्यांच्या परसाकडं निघाले. आणखी बोलले असते तर रडले असते, आणि त्या माणसासमोर मला रडायचं नव्हतं. परसातून जाताना त्यांच्या बायकोनं मला मागच्या दारी गाठलं. डोळे पुशीत हळूच म्हणाली, "रोज पंचामृत घालत होते हो तोंडात. पाठीला तेल, वर कुंकू. बायका ओट्या घेऊन यायच्या. आठ दिवसांत त्यानं मानच बाहेर काढायची सोडली. घरात मेलं तर लोक काय म्हणतील, म्हणून दृष्टांत झाला."

तेव्हा खरं कळलं. हा मूर्खपणाही नव्हता. मूर्खाची कीव तरी करता येते. हा माणूस घाबरला होता, आणि आपली भीती लपवायला त्यानं शंभर माणसांच्या टाळ्यांत एक मुका जीव बुडवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिस्ती सडा मारायला आला. मला दारात बघून त्यानं पखालीचं तोंड आवळलं.

"बाई, कवा आलासा? तुमचं कासव आमच्या घरला हाय."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"व्हय, हाय की," तो म्हणाला. "त्या दिशी मी तितंच पखाल भरत हुतो. बुवानं सोडलं, समद्यांनी डोळं मिटून हात जोडलं आन् गेली निघून. मला त्ये तळाला दिसत हुतं, दुसऱ्या पायरीपाशी. पाय हलवत हुतं. मग हलवायचं थांबलं. मी उतरून काढलं, डोकं खाली करून धरलं, तर तोंडातनं पानी आलं. घरवाली म्हनली, मेलंय. तरी तिनं गोणपाटात गुंडाळून चुलीम्होरं ठेवलं. दुसऱ्या दिशी सांजंला एक पाय हलला."

"मग बुवांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की! तवाच सांगितलं. तर बुवा म्हनलं, त्ये दुसरं आसंल, तुझं तू बघ, आन् कुठं बोलू नगंस."

मी तशीच त्याच्या घरी गेले. अंगणात दोन शेळ्या बांधल्या होत्या, आणि त्यांच्यापुढच्या पाल्यात माझं कासव तोंड खुपसून बसलं होतं. पाठीवरचं कुंकू भिस्त्याच्या बायकोनं धुऊन काढलं होतं. मी ते उचललं आणि तिथंच उभ्यानं रडले. त्याची बायको म्हणाली, "बसा बाई, पानी देऊ?" मी म्हटलं, "तहान नाही." घसा कोरडा पडला होता. खोटं बोलले, आणि तिला ते कळलंही. तिनं पुन्हा आग्रह केला नाही.

दुपारी कासव टोपलीत घालून मी देवळात गेले. बायकांची दाटी होती. आणि बुवा, विश्वास बसेल का, तेच सांगत होते. भगवान कसा त्यांच्या हातून जळात शिरला, जाताना त्यानं कसं एकदा मान वळवून बघितलं. बायका पदरानं डोळे टिपत होत्या. मी त्यांच्यामधून वाट काढत पुढं गेले आणि पोथीच्या चौरंगावर कासव ठेवलं.

"हे घ्या तुमचं गुप्त झालेलं," मी म्हटलं.

बुवांचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं, आता हा माणूस जमिनीत जाईल. पण तो उठला, हात वर केले आणि त्या दहा घरांपलीकडं जाणाऱ्या आवाजात ओरडला, "पाहिलंत? भक्तांसाठी परत आला! पुंडलिक वरदा..."

सगळ्या देवळानं पुढची आरोळी दिली. बायका उठून पुढं लोटल्या. कोणी पाठीला हात लावून तो डोळ्यांना लावला, कोणी तुळस वाहिली. कासवानं घाबरून हातपाय आत घेतले आणि चौरंगावरच्या लाल वस्त्रावर मुतलं. एका शहाणीनं त्यात बोट बुडवून ते तीर्थ म्हणून जिभेला लावलं. मी डोळ्यांनी बघितलं आहे. माझ्या शाळेतल्या दोन मुलींची ती आई.

मी ओरडले, "अहो, हे जमिनीवरचं कासव आहे! याला पोहता येत नाही. यांनी बुडवलं ते याला. बोळातल्या भिस्त्यानं पाण्यातून काढलं, महिन्यातले पंधरा दिवस ते त्याच्या घरी होतं."

बुडवलं हा शब्द कोणी ऐकला नाही. भिस्ती हा मात्र सगळ्यांनी ऐकला. पुढची बाई हात तसाच अधांतरी धरून थांबली. "म्हणजे मुसलमानाच्या घरचं?" तिनं विचारलं. तीर्थ घेतलेली उठून नळाकडं गेली नाही, धावली. घटकेत चौरंगाभोवती कोणी उरलं नाही. बुवा पंचा झटकत म्हणाले, "बाई, आता हे वस्त्र धुवायला लागणार."

"वस्त्रच धुवा," मी म्हटलं, कासव उचललं आणि घरी आले.

बुवांचं काही बिघडलं नाही. चार दिवस पुराण बंद राहिलं, देवळात गोमूत्र शिंपडलं, आणि पाचव्या दिवशी तीच दाटी. शाळेत मात्र माझ्याविरुद्ध अर्ज गेला की बाई देवाधर्माची विटंबना करतात. आमच्या वरिष्ठांनी तो वाचून मला विचारलं, "कासव बरं आहे ना?" आणि अर्ज फाडला. त्या सबंध प्रकरणात सरळ प्रश्न विचारणारा तो एकच सुशिक्षित माणूस मला भेटला.

पुढच्या वर्षी दुसऱ्या परीक्षेला निघताना मी टोपली घेऊन भिस्त्याच्या घरी गेले. काय द्यायचं, काय नाही, हे त्याच्या बायकोला सांगू लागले, तर ती हसली. "ठावं हाय की बाई. जावा तुमी, गाडी चुकंल."

मी पायरीवर बसले आणि तिच्याकडं पाणी मागितलं. तिनं तांब्या घासून, विसळून आणला. मी ते प्याले, आणि मग स्टेशनाकडं गेले.