दगडाचं मी सांगितलंच नाही

आमच्या घराण्यात धाकट्या सुनेने जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बोलायचं नाही अशी रीत होती. तो समोर आला की तोंडावर पदर. आताच्या सुना फोन करून जेठाला येताना कोथिंबीर आणायला सांगतात. पण वीस वर्षांपूर्वी तसं नव्हतं. त्यामुळे माझ्या नवऱ्यावर माझ्या धाकट्या जावेला नाव चालवायला शिकवायची वेळ आली तेव्हा मोठी पंचाईत झाली. शिकवणारा शिकणारीशी बोलू शकत नव्हता. म्हणून दोघांच्या मध्ये मला बसवलं.

मुळात ही वेळ आली ती माझ्यामुळेच. आमची केळीची जमीन तापीच्या पलीकडे. पूर्वी उन्हाळ्यात नदी पायी ओलांडायचो. खालच्या अंगाला बॅरेज, म्हणजे दरवाजांचा बंधारा, झालं, पाणी बारा महिने काठोकाठ उभं राहायला लागलं, आणि घरात मशीनची नाव आली. सकाळी मजूर बायकांना पलीकडे न्यायचं, दुपारी आणायचं. माझा दीर कामासाठी सुरतेला, नवरा एका वेळी दोन काठांवर असणार कसा? त्याने आधी मलाच विचारलं, शिकतेस का म्हणून.

चाळिशी ओलांडलेली ती बाई, म्हणजे मीच, तेव्हा काय म्हणाली माहीत आहे? "मी काय नावाडीण शे का? डिझेलना हातनी पोळ्या लाटू?"

आता खरं सांगते. मला शिकायचं होतं. फक्त त्याने आणखी दोनदा विचारावं, जरा मनधरणी करावी, एवढीच अपेक्षा होती. पण माझा नवरा मनधरणी करणाऱ्यांतला नव्हता. तो बरं म्हणाला आणि आंघोळीला गेला. संध्याकाळी जाऊ मिरच्या निवडता निवडता हळूच म्हणाली, "बाई, मी शिकू का? तेस्ले इचारा ना." तो नाहीच म्हणेल या खात्रीने मी विचारलं. तो म्हणाला, उद्यापासून सुरू करू.

तर आमची शाळा अशी. नवरा नावेच्या पुढच्या टोकाला, पाण्याकडे तोंड करून. जाऊ मागे, मशीनजवळ, हनुवटीपर्यंत पदर ओढून. मी मध्ये. मशीनचा आवाज असा की पुढचं मागे ऐकू जायचं नाही. तो मला सांगायचा, मी मागे वळून तिला सांगायची. तिने काही विचारलं की मी पुढे वळायची. दिवसभर मान फिरवून फिरवून रात्री शेकायला लागायची.

आणि मी काही साधी टपालवाली नव्हते. टपाल उघडून वाचायची, वर त्यात आपली भरही घालायची. तो म्हणायचा, वळवायची दांडी हलकी धरायला सांग. मी सांगायची, दांडी हलकी धर आणि जरा डोकं वापर. तो म्हणायचा, छान वळवली, सांग तिला. मी सांगायची, ठीक आहे म्हणतात. कौतुक माझ्यापर्यंत शेरभर यायचं आणि तिच्यापर्यंत छटाकभर पोहोचायचं. बाकीचं मी गिळून टाकायची, आणि ते मला पचायचंही नाही.

शिकवायचा मात्र तो नीट. नावेत उभं राहायचं नाही, चढताना आणि उतरतानासुद्धा वाकून. पदर आणि वेणी मशीनपासून लांब, खोचून घेतलेली. लांब बांबू नावेतून बाहेर काढायचा नाही, केळीच्या घडाला टेकू कमी पडला तरी नाही. रिकामे कॅन झाकण घट्ट लावून बाकाखाली ठेवायचे, कोणी पडलं तर धरायला होतात. मशीन बंद पडलं म्हणून पोहत जाऊ असं म्हणत कोणी उडी मारायची नाही. बुडणारी नाव दिसते तरी, माणूस दिसत नाही. हे सगळं मी तिला सांगितलं. भर घालून का होईना, सांगितलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिने मशीन बंद केलं आणि अशी अलगद नाव काठाला लावली की बांबूही टेकवावा लागला नाही. काठावर लोक उभे होते. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात एखाद्या पांढऱ्या घोड्याकडे बघावं तसे ते तिच्याकडे बघत होते. मजूर बायका तिला नाववाली म्हणायला लागल्या. आणि मी कोण? नाववालीची जेठाणी. एवढ्या वर्षांचा माझा संसार, माझ्या हातचं लोणचं चार गावांत नाव काढणारं, आणि मला ओळख मिळाली ती तिच्या नावेवरून.

त्याच दिवशी, परत मशीन लावल्यावर, नवऱ्याने शेवटचा धडा दिला. नावेच्या पुढच्या टोकाला जात्याची जुनी तळी, म्हणजे खालचा दगड, दोराने बांधून ठेवलेली होती. त्याने त्या दगडावर हात ठेवला आणि मला म्हणाला, "तिले सांग, मशीन बंद पडनं का मशीनकडे देखानं नही. पहिले दगड पानीमा. नाव उभी ऱ्हायनी का मंग मशीन." दगड पुढूनच टाकायचा, आणि टाकण्याआधी दोराचं दुसरं टोक नावेला बांधलेलं आहे का ते बघायचं, हेही त्याने सांगितलं.

मी मागे वळले. ती पदराआडून विचारत होती, "बाई, हाऊ दगड कसाले शे?"

"नावले वजन लागस," मी म्हणाले.

बस्स. एवढंच. सगळं त्याचं ज्ञान हिला कशाला, एखादी गोष्ट माझ्यापाशी राहू दे. तिला ती कधी लागेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. डोकं होतं कुठे तेव्हा, सगळी जागा त्या पांढऱ्या घोड्याने अडवली होती.

भाद्रपदात ती गोष्ट लागली. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, बॅरेजचे दोन दरवाजे उघडे होते, आणि एरवी झोपलेलं पाणी सावकाश चालायला लागलं होतं. नवरा अलीकडच्या काठावर वाट बघत होता. आम्ही पलीकडून निघालो. जाऊ मागे, मी मध्ये, आजूबाजूला सहा मजूर बायका. नदीच्या मध्यावर आलो आणि मशीन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. मशीनच्या पाण्यातल्या पंख्याला जलपर्णी गुंडाळली होती, पण ते तेव्हा कोणाला कळणार? जाऊ हँडल मारायला लागली. मशीन गुरगुरायचं आणि परत बंद. ती पुन्हा हँडल मारायची. तिचं लक्ष सगळं मशीनकडे.

माझं लक्ष काठावरच्या चिंचेकडे होतं. चिंच वरच्या अंगाला सरकत होती. म्हणजे आम्ही बॅरेजकडे चाललो होतो.

"बाई, नाव खाले चालनी वं," एक मजूर बाई म्हणाली आणि उठायला लागली. मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

मला माहीत होतं काय करायचं. त्या नावेत फक्त मला माहीत होतं. आणि तरीही मी चार श्वास गप्प बसले, कारण आता दगडाचं बोलले तर आधी का नाही बोलले हे सगळ्यांना कळणार होतं. दरवाजांतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज आता ऐकू येत होता, आणि मला आपल्या अब्रूची काळजी. आज मला हसू येतं आणि अंगावर काटाही येतो.

जावेने हँडल सोडलं. पदर कधीचा मागे पडला होता, घामाने चेहरा भिजलेला. ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तेस्नी काय सांगं व्हतं? मशीन बंद पडनं तं काय करानं?"

"दगड," मी म्हणाले. "पहिले दगड."

मागून तिला पुढे येणं शक्य नव्हतं. मीच गुडघ्यांवर रांगत, बायकांच्या मांड्यांवर हात टेकत पुढे गेले. दोराचं टोक नावेच्या कडीला बांधलेलं आहे का बघितलं. मग ती तळी दोन्ही हातांनी उचलून पाण्यात सोडली. दोर सळसळत गेला, गेला, आणि ताणला. नाव एकदम दचकली, सावकाश फिरली आणि तोंड पाण्याच्या वरच्या अंगाला करून उभी राहिली. पाणी आता आमच्या दोन्ही बाजूंनी एकटंच जात होतं.

त्यानंतर जाऊच ती. तिने मशीनचा पंख्याकडचा दांडा वर उचलला, एका बाईकडून विळा घेतला, तोल राहावा म्हणून तिघींना समोरच्या बाजूला सरकवून बसवलं आणि वाकून पंख्यावरची जलपर्णी कापून काढली. तिसऱ्या हँडलला मशीन लागलं. दोर ओढून घेताना माझे तळवे सोलून निघाले.

काठावर नवरा गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता. जावेने पदर ओढला. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "तिले इचार, काय व्हयनं?"

मी मागे वळले. विचारायची गरज नव्हती, तिने ऐकलं होतं. मला वाटलं आता ही बोलेल, आणि ते मला माझ्याच तोंडाने पुढे सांगावं लागेल. ती म्हणाली, "तेस्ले तुमीनच सांगा काय ते."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे कोरं पत्र आलं होतं. भर घालायला सगळी जागा मोकळी. मी सोललेले तळवे पदरात लपवले आणि म्हणाले, "दगडनं मी तिले सांगंच नव्हतं."

त्याने दोराची गाठ ओढून बघितली. मला वाटलं, सगळ्या बायकांसमोर मला बोलेल. त्याऐवजी त्याने माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघितलं आणि घराण्याची रीत तिथेच पाण्यात सोडली. "पोरी, आजपाईन मन्हासंगे सरळ बोलत जाय."

पदराआडून ती म्हणाली, "बरं."

एक शब्द. पण तो माझ्या हातातून न जाता गेला. बोलणी खाल्ली असती तर दोन दिवसांत विसरले असते. तो ‘बरं’ मला अजून ऐकू येतो. त्या दिवशी माझी टपालवालीची नोकरी गेली, आणि जी नोकरी मला दिवसभर टोचत होती तिच्यासाठी मी आठवडाभर तोंड फुगवून बसले.

पुढे मी नाव शिकले, तिच्याकडूनच. तिने एकही धडा गाळला नाही. दगडाचा तर तीनदा सांगितला, न हसता. हसली असती तर मी तिला माफ केलं असतं.

नवरा आता नाही. जाऊ आहे, तिचे गुडघे माझ्याहून चांगले आहेत. माझी नात लोणखेड्याच्या कॉलेजात शिकते. या दिवाळीच्या सुट्टीत तिला नाव शिकायची लहर आली. मी नारिंगी लाइफ जॅकेट तिच्या अंगावर आवळून बांधलं. तिला पुढे बसवून दगडाचं, दोराचं, कडीचं सगळं सांगितलं, परत तिच्याकडून म्हणवून घेतलं. तिने निमूट म्हटलं आणि उठून, वाकूनच, मागे गेली. मशीन शिकायला. धाकट्या आजीकडे.

संध्याकाळी तिने फोनवर फोटो दाखवला. मध्यभागी जाऊ, हातात दांडी, पांढरे केस वाऱ्यावर, जशी काही तापी तिनेच खोदली आहे. कडेला माझा एक कोपर आणि अर्धं लुगडं. नातीला म्हटलं, हा कसला फोटो, यात मी कुठे आहे? ती म्हणाली, आजी, तू हलत होतीस.

दगड मात्र पूर्ण आला आहे.