डोरिसबाईंना दाखवण्याचा कार्यक्रम

डोरिसबाई कधीच नुसतं इंशाल्ला म्हणायच्या नाहीत. "इंशाल्ला, पण आधी फॉर्म भर." लिफ्ट बंद पडो नाहीतर माझ्या नातवाला ताप येवो, उत्तर हेच. बहारीनमध्ये, मनामातल्या आमच्या इमारतीत त्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मूळच्या अमेरिकन. इथल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि काठीला झगा अडकवावा तशा किडकिडीत.

मी तेव्हा त्रेसष्टची, म्हणजे अक्कल यायची होती. अमेरिकन म्हातारीच्या उशाशी पाण्याचं तांब्याभांडंसुद्धा सरकारच ठेवतं, अशी माझी समजूत. त्या म्हणाल्या, "माझं सरकारी आरोग्य कार्ड विमानात झोपतं, ते परत अमेरिकेत उतरल्यावरच उठतं." मात्र म्हातारपणी सांभाळणारी बाई देणारी एक खाजगी पॉलिसी त्यांनी घेऊन ठेवली होती, बहारीनमध्येही चालणारी.

मग त्या पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण उठणं-बसणं गेलं. पॉलिसीची अट अशी, की अंघोळ, कपडे, जेवण यांतली निदान दोन कामं स्वतःला जमत नसतील तरच बाई मिळणार. नाहीतर ओहायोत, पुतण्याच्या गावी, वृद्धाश्रम. तो त्यांना नको होता. खात्री करायला अमेरिकेतून एक नर्स व्हिडिओ कॉल करणार होती.

कोणी बघायला येणार म्हटल्यावर माझे हात शिवशिवले. सकाळीच त्यांना अंघोळ घातली, पावडर लावली, बाब अल बहरीनच्या बाजारातून आणलेली माझी मोत्यांची माळ गळ्यात घातली आणि पाठीमागे टेकूला उशा लपवल्या. नर्सने विचारलं, अंघोळ स्वतः करतात का? त्यांनी तोंड उघडायच्या आत मी मान पुढे घुसवली. "ऑल सेल्फ. व्हेरी ॲक्टिव्ह." समोरच्या बशीतले बेसनाचे लाडू त्यांनीच वळलेत, असंही ठोकून दिलं.

आठवड्याने पत्र आलं. मदतीची गरज नाही, अर्ज नामंजूर.

डोरिसबाई पलंग हलेपर्यंत हसल्या. "लग्न ठरवलंस माझं. नवरा ओहायो." मला मात्र तोंड लपवायला जागा उरली नाही.

अपील केलं. दुसऱ्या कॉलला पावडर नाही, माळ नाही. अंघोळीचा प्रश्न आला आणि माझी वाचाच बसली. सासूबाईंना मी नऊ वर्षं अंघोळ घातली, आणि आल्यागेल्याला सांगत राहिले की त्यांचं त्या सगळं करतात. घरच्या म्हातारीचं उणं बाहेर सांगायचं नाही, हेच वळण. डोरिसबाईंनी माझा हात दाबला. "गप्प बसलीस तर अब्रू राहील, मी राहणार नाही."

"नाही जमत," मी म्हणाले. "अंघोळ मी घालते. कपडेही. लाडूसुद्धा माझेच होते."

बाई मिळाली. डोरिसबाई आणखी दोन वर्षं समोरच राहिल्या आणि तिथेच, दुपारच्या झोपेत गेल्या.

त्यानंतर महिनाभराने मुलगा आम्हाला सीफच्या मॉलला नेत होता. नेहमीसारखं त्याने विचारलं, आई, बरी आहेस ना? त्याआधी काही दिवस मी केस आखूड केले होते, नवीन फॅशन म्हणून घरभर मिरवत.

"नाही रे," मी म्हणाले. "खांदा वर जात नाही. वेणी घालता येईना, म्हणून कापले."

त्याने गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर सून आपल्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "आई, तुमचं बघून मीपण कापले हो."