अर्धा खडू

खडूचं नवं खोकं उघडलं, की त्या कोरड्या वासासरशी मला मेहकरच्या शाळेतला तो निरोप समारंभ आठवतो. निवृत्त होणाऱ्या सरांकडे खडूचं कपाट असायचं आणि ते आम्हा प्रत्येक शिक्षकाला खडू मोडून अर्धाच द्यायचे. भाषणात मी त्यावरच तुटून पडलो. म्हटलं, "लग्नात सरांनी काकूंना हारसुद्धा अर्धाच घातला असेल!" काकू पदर तोंडाला लावून हसल्या, सर मात्र खाली बघत राहिले. मग ते उठले, कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली अन् म्हणाले, "मले हसून राह्यला ना बे? आता तूच वाटून पाह्य." काल नव्या मॅडमनी माझ्याकडे खडू मागितला. मी तो कधी मोडला, मलाच कळलं नाही.