रक्तातलं लोखंड

"खून में लोहा कम है," असं आमच्या शनवारा मोहल्ल्यातला डॉक्टर बायकोला तपासून म्हणाला. मी चौथी शिकलेलो, उभी हयात पावरलूम दुरुस्त करण्यात गेली. माझ्या डोक्यात लोहा म्हणजे लोखंडच. लूमखाली स्क्रू पडला की मी दोरीला बांधलेलं चुंबक सोडायचो, स्क्रू चिकटून वर यायचा. म्हटलं, आहे तेवढं लोखंड तरी धरून ठेवू. तेच चुंबक फडक्यात शिवून तिच्या मनगटाला बांधलं. याने काय होतं, तिने विचारलं. मी म्हटलं, तू फक्त काढू नको. तिने काढलं नाही.

डॉक्टरच्या गोळ्याही मीच द्यायचो, एक चुकवली नाही. तरी ती गेली. शेवटची आंघोळ घालताना बायकांनी पट्टी सोडली, तर खाली काळसर डाग.

दहाव्याला नदीवर, राजघाटावर बसलो असताना तो डाग मला उमगला. सगळं लोखंड मनगटाशी ओढलं गेलं, काळजाला उरलं नाही. म्हणजे हे मी केलं.

दोन महिने कुणाला बोललो नाही. मग भाची आली. ती नेपानगरला शाळेत रसायन शिकवते. तिला सांगितलं. ती हसली नाही, म्हणून पुढचंही सांगितलं.

ती म्हणाली, रक्तात लोखंडाचा चुरा नसतो. लोहाचा एकेक कण चहूबाजूंनी बांधलेला असतो, सुटून येत नाही. श्वासातली हवा त्याला येऊन धरते. त्या कणाच्या आत आणखी बारीक कण असतात, त्यातले काही एकटे. हवेने धरलं की त्यांच्या जोड्या लागतात, मग ते रक्त चुंबकाला जुमानत नाही, उलट जरासं लांब सरकतं. हवा सोडून परत निघालेल्या रक्तात ते पुन्हा एकटे पडतात. ते रक्त चुंबकाकडे झुकतं, पण इतकं कमी, की मोठ्या यंत्रावरच कळावं.

"शाळेत असंच सांगते का?" मी विचारलं.

"पोरांना इलेक्ट्रॉन सांगते, मामा. तुम्हाला हे."

माझा विश्वास बसेना. मी सुईने बोट टोचलं, थेंब ताटलीत पाडला, चुंबक जवळ नेलं. थेंब हलला नाही. मी बराच वेळ धरून बसलो. तीही बसली.

"मग तो डाग?"

"पट्टी आवळून बांधली होती तुम्ही. मामीची कातडी नाजूक झाली होती."

"म्हणजे मी तिला काही केलं नाही?"

"वाईट नाही आणि चांगलंही नाही. डाग तेवढा पाडला."

मी म्हटलं, लिहून दे. ती म्हणाली, मामा, असलं कुणी लिहून देतं का. मी म्हटलं, दे. तिने वहीचं पान फाडून लिहिलं, मामी चुंबकामुळे गेली नाही. सही कर म्हटलं. मजकूर काय, सही काय, सगळं लाल; तिच्या पर्समध्ये वह्या तपासायचा पेनच तेवढा होता. लाल तर लाल.

कागद सदऱ्याच्या खिशात ठेवतो. अजून कुणी विचारलेलं नाही.